चालू कोणीही करतं, बंद कोण करणार?

क्लाउडचं, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेल्या संगणकांचं, महिन्याचं बिल मी पहिल्यांदा नीट वाचलं ते अकाउंट्समधल्या एका सहकाऱ्यामुळे. तो चौदा पानांची प्रिंट घेऊन माझ्या टेबलाशी आला, एका ओळीवर पेन्सिल टेकवली आणि म्हणाला, "हे 'टेस्ट-२-नवीन' काय आहे?" मला माहीत नव्हतं. टीममध्ये विचारलं, तिथेही कोणाला माहीत नव्हतं. मशीन अकरा महिने चालू होतं, रात्रंदिवस, शनिवार-रविवारसकट. ज्याने ते उभं केलं तो केव्हाच नोकरी सोडून गेला होता. मशीन मात्र इमानेइतबारे कामावर हजर, आणि त्याचं भाडं दर महिन्याला निघतंय.

"मग बंद करा की," तो म्हणाला. कोणी काही बोलेना. चालू ठेवलं तर कंपनीचे पैसे जातात. बंद केलं आणि कुठे काही अडलं तर बोलणी आपल्याला बसतात. अशा वेळी माणूस काय निवडतो हे सांगायला नको.

'क्लाउडवर गेलं की खर्च कमी होतो' हे वाक्य ऐकलं की मला अजूनही ती शांतता आठवते. हे वाक्य बैठकीत हमखास खपतं. त्याच्या जोरावर निर्णय होतात, अख्ख्या यंत्रणा हलवल्या जातात आणि दीड-दोन वर्षांनी बिल बघून सगळे एकमेकांकडे पाहू लागतात. मग त्याच खोलीत कोणीतरी म्हणतं की क्लाउड म्हणजे फसवणूक आहे, चला परत आपल्या सर्व्हरवर. मला दोन्ही पटत नाही. मशीनच्या भाड्याचा विचार केला तर क्लाउड स्वस्त नाही. क्लाउडने स्वस्त केली ती चूक, म्हणजे अंदाज चुकण्याची किंमत. ही गोष्ट मशीन स्वस्त होण्यापेक्षा मोठी आहे असं माझं मत आहे. पण ती पदरात पडते फक्त त्यांच्या, ज्यांना चूक मागे घ्यायची सवय आहे.

स्वतःचे सर्व्हर घेणं म्हणजे काय प्रकार असायचा, हे नव्याने या क्षेत्रात आलेल्यांना आता सांगावं लागतं. पुढच्या तीन-चार वर्षांत किती ग्राहक येतील याचा अंदाज आज करायचा. त्यावर कोटेशन मागवायची, मंजुरी घ्यायची, ऑर्डर द्यायची आणि आठवडेच्या आठवडे वाट पाहायची. मशीन आलं की कळायचं, रॅकमध्ये जागा नाही. जागा केली की कळायचं, तिथे वीज पुरत नाही. आणि या सगळ्याच्या मुळाशी असलेला तो अंदाज कसा ठरायचा? इंजिनियर म्हणायचा दहा, त्याचा मॅनेजर म्हणायचा थोडे वाढीव धरा, वरचा म्हणायचा वर्षातल्या त्या चार गर्दीच्या दिवसांचं काय. दहाचे सोळा व्हायचे. कमी पडलं तर जाब विचारला जातो आणि जास्त झालं तर कोणी ढुंकून बघत नाही, त्यामुळे अंदाज नेहमी एकाच बाजूला चुकायचा.

हे फक्त गबाळ्या कंपन्यांचं चित्र नव्हतं. गूगलमधल्या लुइझ बारोसो आणि उर्स हॉल्झले या दोघांनी २००७ साली एक शोधनिबंध लिहिला. गूगलच्या पाच हजारांहून जास्त सर्व्हरची सहा महिन्यांची नोंद त्यात होती, आणि त्यातले बहुतेक सर्व्हर बहुतेक वेळ आपल्या क्षमतेच्या १० ते ५० टक्के एवढंच काम करताना दिसत होते. ज्यांचा धंदाच सर्व्हर चालवण्याचा त्यांची ही कथा. मग ज्यांचा धंदा औषधं किंवा विमा विकण्याचा आहे त्यांच्या सर्व्हर रूममध्ये काय चालत असेल याची कल्पना करता येते.

ॲमेझॉनने २००६ च्या मार्चमध्ये साठवणुकीची एस-थ्री ही सेवा आणि ऑगस्टमध्ये भाड्याच्या मशीनची ईसी-टू ही सेवा बाजारात आणली. मशीनचा दर होता तासाला दहा सेंट. या दराचा अर्थ नेमका कोणता, हे दुसऱ्याच वर्षी एका वर्तमानपत्राने दाखवून दिलं. 'न्यूयॉर्क टाइम्स'ला १८५१ ते १९२२ या काळातले आपले जुने अंक वाचकांना इंटरनेटवर द्यायचे होते. १ कोटी १० लाख लेख, स्कॅन केलेल्या चित्रांचे चार टेराबाइट, आणि प्रत्येक लेखाची पीडीएफ बनवायची. त्यांच्या एका प्रोग्रॅमरने ईसी-टूवर शंभर मशीन घेतली आणि चोवीस तासांच्या आत काम संपवलं. त्या वेळच्या दराने मशीनचं भाडं काढलं तर ते २४० डॉलरच्या आसपास भरतं. या गोष्टीतला माझा आवडता भाग मात्र पुढे आहे. काम झाल्यावर लक्षात आलं की पीडीएफमध्ये एक चूक राहिली आहे. मग त्यांनी सगळं काम पुन्हा एकदा चालवलं.

इथे क्षणभर थांबून हिशेब करून बघा. एक मशीन शंभर दिवस चालवलं किंवा शंभर मशीन एक दिवस चालवली, भाडं तेवढंच. घाई करायचे जादा पैसे नाहीत. स्वतःच्या सर्व्हरच्या जगात हे कधीच शक्य नव्हतं, कारण तिथे शंभर मशीन म्हणजे शंभर मशीनची खरेदी, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचं काय करायचं हा प्रश्न. आणि शंभर दिवसांच्या कामाच्या शेवटी चूक सापडली असती तर ती दुरुस्त करायला कोणी धजलं असतं का? 'चालतंय, राहू दे' असं म्हणून ती तशीच वाचकांच्या माथी मारली गेली असती. भाड्याच्या मशीनवर ती एका दिवसात निस्तरली.

वेग वेग म्हणतात तो असा येतो. क्लाउडमुळे माणसं भराभर टाइप करू लागत नाहीत. मधला वाट पाहण्याचा वेळ निघून जातो. नवीन आलेल्या मुलाला काम शिकायला एक वेगळी यंत्रणा हवी असते, ती दुपारच्या आत मिळते. एखादा बदल करायचा तर चालू यंत्रणेची हुबेहूब नक्कल उभी करून त्यावर आधी मोडतोड करून बघता येते. नवीन आवृत्ती बिघडली तर जुनी शेजारी तयार असतेच, वापरणाऱ्यांना तिकडे वळवलं की झालं.

आणि वेगाची आणखी एक बाजू आहे जिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही: 'नको' म्हणता येण्याचा वेग. जुन्या पद्धतीत एखाद्या प्रकल्पासाठी सर्व्हर घेतले की तो प्रकल्प मारता यायचा नाही. सगळ्यांना दिसत असायचं की हे काही चालणारं नाही, पण 'एवढे सर्व्हर घेतलेत त्याचं काय' या एका प्रश्नापुढे बोलणं खुंटायचं. मी असे दोन प्रकल्प वर्षानुवर्षं रेटले जाताना पाहिले आहेत. त्यातल्या एकाचे वापरणारे शेवटी शेवटी, आम्ही मोजले, सात जण होते. भाड्याच्या मशीनवर असा प्रकल्प आठवड्याभरात गुंडाळता येतो आणि कोणाची अब्रूही जात नाही. धंद्याच्या हिशेबात या बचतीचा रकाना कुठेच नसतो. माझ्या मते सगळ्यात मोठी बचत मात्र हीच आहे.

अर्थात, क्लाउडवर जाऊनही जुन्याच वेगाने चालणारी कार्यालयं आहेत. मशीन चार मिनिटांत मिळतं, पण ते मागायचा फॉर्म तीन सह्यांचा आणि नऊ दिवसांचा. अशा ठिकाणी भाडं क्लाउडचं आणि चाल बैलगाडीची, असा दुहेरी तोटा होतो. तिथे क्लाउडला दोष देण्यात काही अर्थ नाही.

आता खर्चाचं. आठवड्याचे तास १६८. माणसं कामाला बसतात त्यातले पन्नास धरा. टेस्टिंगची मशीन रात्री आणि सुट्टीच्या दिवशी बंद केली तर त्यांचं भाडं सत्तर टक्क्यांनी कमी होतं. कसलीही हुशारी लागत नाही, घड्याळ लावून बंद करायची. उलट बाजूही तितकीच सोपी आहे. जे मशीन १६८ तास सारखंच राबतं, आज जेवढं तेवढंच पुढच्या वर्षी, त्याचं तासावर भाडं देणं म्हणजे कायम राहायचं असताना लॉजमध्ये खोली घेणं. भाड्याच्या दरात जो जादा पैसा असतो तो कधीही सोडून जाण्याच्या मुभेचा असतो. ती मुभा वापरायचीच नसेल तर तिचे पैसे भरता कशाला? वर्षा-तीन वर्षांची हमी दिली की सवलत मिळते हे खरं, पण हमी दिली म्हणजे आपण पुन्हा त्या जुन्याच जागी आलो, तीन वर्षांचा अंदाज करत.

म्हणून 'उचला आणि ठेवा' पद्धतीच्या स्थलांतराबद्दल मला कधीच उत्साह वाटत नाही. सर्व्हर रूममधली चाळीस मशीन जशीच्या तशी क्लाउडवर चाळीस मशीन म्हणून नेली, तीही जुन्या फुगवलेल्या अंदाजांसकट, तर बिल वाढण्यापलीकडे दुसरं काय होणार? नेटफ्लिक्सची गोष्ट या संदर्भात बघण्यासारखी आहे. ऑगस्ट २००८ मध्ये त्यांच्या डेटाबेसमध्ये मोठा बिघाड झाला आणि तीन दिवस ग्राहकांना भाड्याच्या डीव्हीडी टपालाने पाठवता आल्या नाहीत. तिथून त्यांनी क्लाउडवर जायचं ठरवलं आणि ते काम पूर्ण झालं जानेवारी २०१६ मध्ये. सात वर्षं लागली, कारण त्यांनी जुनं सामान उचलून नेलं नाही, यंत्रणा जवळजवळ नव्याने लिहिली. काम संपल्यावर त्यांनी स्वतःच स्पष्ट केलं की खर्च कमी करणं हे मुख्य कारण नव्हतं. इंटरनेटवरच्या प्रत्येक प्रक्षेपणामागचा खर्च मात्र आधीच्या तुलनेत पुष्कळ खाली आला. ज्यांनी खर्चासाठी हे केलं नाही त्यांचा खर्च वाचला, यात मला काही योगायोग दिसत नाही.

उलट दिशेने गेलेल्यांचीही उदाहरणं आहेत आणि ती लपवायचं कारण नाही. ड्रॉपबॉक्सने आपल्या ग्राहकांच्या फायली ॲमेझॉनच्या साठवणुकीतून काढून बहुतांशी स्वतःच्या यंत्रणेवर आणल्या. २०१८ मध्ये शेअर बाजारात उतरताना त्यांनी दिलेल्या कागदपत्रांनुसार त्यामुळे दोन वर्षांत जवळपास साडेसात कोटी डॉलरचा खर्च कमी झाला. थर्टीसेव्हन सिग्नल्स या सॉफ्टवेअर कंपनीचं २०२२ सालचं क्लाउडचं बिल ३२ लाख डॉलर होतं. त्यांनी स्वतःचे सर्व्हर विकत घेऊन बाहेरचा रस्ता धरला आणि आपले आकडे उघडपणे मांडले. ही उदाहरणं तोंडावर फेकून 'बघा, आम्ही म्हणत नव्हतो' म्हणणाऱ्यांनी एवढंच ध्यानात घ्यावं की दोघांनाही आपला भार किती आहे हे तोवर नेमकं कळलेलं होतं, आणि सर्व्हर सांभाळणारी जाणती माणसं दोघांच्याही घरात होती. ड्रॉपबॉक्स सुरू झाली तीच भाड्याच्या साठवणुकीवर. वाढ कुठवर जाईल याचा पत्ता नसताना भाड्याने राहायचं आणि पत्ता लागल्यावर घर बांधायचं, यात पश्चात्ताप करण्यासारखं काय आहे?

आणि नुसती जागा बदलूनही सगळं साधत नाही. २०२३ मध्ये ॲमेझॉनच्याच प्राइम व्हिडिओच्या एका टीमने लिहिलं की व्हिडिओचा दर्जा तपासणारी त्यांची एक यंत्रणा लहान लहान सुट्या सेवांच्या रूपात बांधली होती, ती त्यांनी एकत्र जोडून एकाच ठिकाणी चालवली आणि तिचा खर्च नव्वद टक्क्यांहून जास्त कमी झाला. मांडव तोच, फक्त मांडणी बदलली. दुकानदाराच्या घरच्या माणसांनाही मांडणी चुकल्यावर एवढा भुर्दंड बसतो, तर बाकीच्यांनी दुकानावर भरवसा ठेवून गाफील राहावं का?

छोट्या कंपन्यांच्या बाबतीत मी माझं म्हणणं थोडं मागे घेतो. चार-पाच माणसांच्या टीमने स्वतःचा डेटाबेस सर्व्हर सांभाळणं म्हणजे रात्री दोन वाजता डिस्क भरल्याचा फोन कोणीतरी घेणं. बॅकअप रोज होतोय का, तो परत उतरवता येतो का, सुरक्षेचे अपडेट लागलेत का, या कामांना बिल येत नाही म्हणून ती फुकट वाटतात. ती फुकट नसतात, बहुतेक वेळा होतच नसतात. हे सगळं दुसऱ्याने करायचे पैसे देणं अशा टीमला नक्की परवडतं, मशीनचं भाडं दुप्पट दिसलं तरी. पण म्हणून 'क्लाउडवर गेलो, आता माणसं नकोत' असं कोणी म्हणू नये. केबल लावणारा माणूस कमी होतो आणि बिल वाचता येणारा माणूस लागतो. दुसऱ्या प्रकारचा माणूस जास्त महाग आहे.

खरी अडचण मला दिसते ती सहीची. पूर्वी एक सर्व्हर घ्यायचा तरी वरपर्यंत कागद जायचा. आता विशीतला एखादा प्रोग्रॅमर एक कमांड देतो आणि कंपनीचा पैसा खर्च व्हायला लागतो. खर्च करणाऱ्याला रक्कम दिसत नाही. रक्कम ज्याला दिसते त्या अकाउंट्सवाल्याला ती कशाची हे कळत नाही, आणि तीही महिना उलटल्यावर दिसते. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ते असं. त्यातून बिलाची भाषा अशी की भलेभले गार पडावेत. मशीन काढून टाकलं तरी त्याची डिस्क अनेकदा मागे राहते आणि तिचं भाडं चालूच राहतं. डिस्कच्या जुन्या प्रती राहतात. न वापरलेले आयपी ॲड्रेस, म्हणजे इंटरनेटवरचे पत्ते, राहतात. ॲमेझॉनने तर फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही-फोर (जुन्या पद्धतीच्या) ॲड्रेसचं, तो वापरात असो वा नसो, तासाला अर्धा सेंट भाडं लावलं आहे. अर्धा सेंट म्हणजे काहीच नाही असं वाटतं, आणि वर्षाला एका ॲड्रेसचे जवळपास ४४ डॉलर होतात. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण बचतीसाठी शिकवली होती. बिलालाही ती तितकीच लागू आहे.

यावर बाजारात फिनऑप्स नावाचं, क्लाउडच्या खर्चावर लगाम ठेवायचं, एक शास्त्रच उभं राहिलं आहे, त्याचे सल्लागार आहेत, प्रमाणपत्रं आहेत. असोत बापडे. माझ्या अनुभवात दोन गोष्टींनी निम्म्याहून जास्त काम होतं. प्रत्येक मशीनवर ते कोणाचं आहे याचं नाव लागलेलं हवं, आणि नाव नसलेलं मशीन चालू होताच कामा नये. दुसरं, ज्या टीमचं बिल आहे ते त्याच टीमला, दर आठवड्याला, सोपं करून दाखवायचं. ओरडायचं नाही, नुसतं दाखवायचं. ज्याने खर्च केला त्याच्याच डोळ्यांसमोर आकडा आला की तो आपणहून जाऊन मशीन बंद करतो. बजेटचा इशारा लावला आहे म्हणून निर्धास्त बसणाऱ्यांना मात्र सांगायला हवं की इशारा म्हणजे ईमेल. तुम्ही वेगळी व्यवस्था केल्याशिवाय त्याने नळ बंद होत नाही.

इथवरच्या सगळ्या चुका मागे घेता येण्यासारख्या होत्या. ज्या मागे घेता येत नाहीत त्यांबद्दल आता बोलायला हवं, कारण तिथे प्रश्न एका कंपनीपुरता राहत नाही.

मशीन सोडणं सोपं आहे, डेटा सोडवणं नाही. मोठ्या क्लाउड कंपन्यांकडे डेटा आत नेणं साधारणपणे फुकट असतं आणि बाहेर काढायचे पैसे पडतात. ॲमेझॉनच्या अमेरिकेतल्या दरपत्रकात एक गिगाबाइट महिनाभर ठेवायचे सव्वादोन सेंटच्या आसपास लागतात आणि तोच इंटरनेटवरून बाहेर न्यायचे सुरुवातीच्या टप्प्यात नऊ सेंट. म्हणजे दारातून बाहेर पडायला जवळपास चार महिन्यांचं भाडं. युरोपीय संघाने यावर कायदा केला. त्यांचा डेटा ॲक्ट १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला आणि १२ जानेवारी २०२७ पासून एका क्लाउडमधून दुसऱ्यात जाणाऱ्या ग्राहकाकडून स्थलांतराचं शुल्क घेता येणार नाही. हा कायदा डोळ्यांसमोर दिसत असतानाच, २०२४ च्या सुरुवातीला, आधी गूगलने आणि मग ॲमेझॉन व मायक्रोसॉफ्टने कायमचं सोडून जाणाऱ्या ग्राहकांसाठी हे शुल्क माफ केलं. एवढी वर्षं जे घेतलं जात होतं ते तीन महिन्यांत माफ झालं! कायद्याने काय होतं असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर एवढंच आहे.

१९६१ साली संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधल्या भाषणात म्हटलं होतं की संगणन ही पुढे कधीतरी टेलिफोनसारखी सार्वजनिक सेवा होऊ शकेल. तसं झालं आहे असं आपण म्हणतो. पण टेलिफोनमध्ये नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, आणि ती सोय कोणत्या कंपनीने प्रेमाने दिलेली नाही. ठिकठिकाणच्या नियामकांनी ती द्यायला लावली. क्लाउडमध्ये अजून आपला 'नंबर' आपला नाही. शुल्क माफ झालं तरी ज्या खास सेवांवर तुमचं सॉफ्टवेअर लिहिलेलं असतं त्या दुसरीकडे नसतात, आणि ते पुन्हा लिहिण्याचा खर्च कोणी माफ करत नाही. म्हणून सरकारी खातं असो, बँक असो की रुग्णालय, जिथे लोकांचा डेटा आहे तिथल्या करारात बाहेर पडण्याची तरतूद आत शिरण्यापूर्वीच लिहिलेली असावी आणि ती वर्षातून एकदा करून बघितलेली असावी, असं माझं ठाम मत आहे. नुसती लिहिलेली उपयोगाची नाही.

कारण मोठ्यांच्या घरीही घात होतात. २८ फेब्रुवारी २०१७ ला ॲमेझॉनच्या एका कर्मचाऱ्याने दुरुस्ती करताना कमांडमध्ये चूक केली, ठरल्यापेक्षा जास्त सर्व्हर खाली आले आणि एस-थ्री सुमारे चार तास कोलमडली. 'आमच्या सेवा सुरळीत आहेत की नाहीत' हे सांगणारं त्यांचं पानही एस-थ्रीवरच अवलंबून होतं, त्यामुळे तेही बराच वेळ बदलता आलं नाही. २० ऑक्टोबर २०२५ ला ॲमेझॉनच्या केंद्रात पुन्हा बिघाड झाला आणि जगभरातली ॲप्स अडली. १० मार्च २०२१ ला स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच या फ्रेंच कंपनीचं एक डेटा सेंटर जळून खाक झालं. ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांच्यातल्या अनेकांचा डेटा कायमचा गेला. मे २०२४ मध्ये तर ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीची गूगल क्लाउडवरची यंत्रणाच पुसली गेली. ती उभारताना गूगलच्या बाजूने एक रकाना रिकामा राहिला होता, त्यामुळे तिला एक वर्षाची मुदत आपोआप लागली आणि मुदत संपल्यावर ती हटवली गेली. सहा लाखांहून जास्त सभासद काही दिवस आपलं खातं बघू शकले नाहीत. त्या निधीचा डेटा परत उभा राहिला, आणि त्यात दुसऱ्या एका कंपनीकडे ठेवलेल्या बॅकअपचा मोठा हात होता.

तो दुसरीकडचा बॅकअप बहुधा कुठल्याशा खर्चकपातीच्या बैठकीत 'दुहेरी खर्च' म्हणून समोर आलाच असेल, असं मला राहून राहून वाटतं. कोणीतरी 'राहू दे' म्हणालं असणार.

आमच्या 'टेस्ट-२-नवीन'चं काय झालं? शेवटी आम्ही ठरवलं, बंद करून बघू, कोणी ओरडलं तर परत चालू करू. एका मंगळवारी संध्याकाळी बंद केलं. बुधवार शांत, गुरुवार शांत, आठवडा शांत गेला. अकाउंट्सवाल्या सहकाऱ्याने ती ओळ लाल पेनाने काटली. एक तारखेला सकाळी साडेनऊला वसुली विभागातून फोन आला, "आमचं महिन्याचं स्टेटमेंट आलं नाही." टेस्ट म्हणून उभं केलेलं मशीन दर महिन्याच्या पहिल्या दिवशी एका अख्ख्या विभागाचं काम करत होतं, आणि हे त्या विभागालाही ठाऊक नव्हतं. मशीन परत चालू करायला चार मिनिटं लागली. स्टेटमेंट दहाच्या आत गेलं.

आता ते महिन्याच्या एक तारखेला पहाटे पाच वाजता आपोआप चालू होतं आणि सात वाजता बंद होतं. मालक म्हणून वसुली विभागाचं नाव लागलं आहे. मशीनचं नाव मात्र अजून 'टेस्ट-२-नवीन'च आहे. ते बदलायला कोणाचा हात धजत नाही.